इंग्रजी कागदावर 'मुलगा' लिहिताना: 'सन', 'बॉय', 'चाइल्ड', 'मायनर' यांतून योग्य शब्द कसा निवडावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकाच मराठी घराची कागदपत्रे तीन भाषांत असतात. शाळेचा दाखला मराठीत असतो, उतारा आणि रेशनकार्ड कन्नडमध्ये असते, आणि बँक, विमा, पासपोर्ट किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा अर्ज इंग्रजीत भरावा लागतो. या तिसऱ्या टप्प्यावर चुका होतात, आणि त्या बहुतेक वेळा व्याकरणाच्या नसून शब्दाच्या निवडीच्या असतात. नात्याच्या रकान्यात 'बॉय' लिहिले जाते, लिंगाच्या रकान्यात 'सन' लिहिले जाते, आणि शब्दकोशातला पहिला शब्द उचलल्यामुळे नऊ वर्षांच्या निरागस मुलाच्या अर्जात 'जुवेनाइल' येऊन बसतो. अर्ज परत येतो, प्रतिज्ञापत्र नव्याने करावे लागते आणि शाळेची किंवा योजनेची मुदत निघून जाते.

चुकीचे मूळ एकच आहे. मराठीत 'मुलगा' हा एकच शब्द 'कोणाचा', 'कोणत्या लिंगाचा' आणि 'किती वयाचा' या तिन्ही प्रश्नांना उत्तर देतो. इंग्रजीत मात्र या तीन प्रश्नांसाठी तीन वेगवेगळे शब्दगट आहेत. त्यामुळे समोरचा रकाना किंवा वाक्य यांपैकी कोणता प्रश्न विचारत आहे, हे आधी ठरवावे आणि शब्द नंतर शोधावा. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. क्रम बदलू नये.

1. लिहिण्यापूर्वीची तयारी

मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला समोर ठेवावा. अर्जाच्या तारखेला मुलाचे पूर्ण झालेले वय एका कोऱ्या कागदावर वर्षे आणि महिने अशा रूपात लिहावे, कारण पुढे दोन-तीन ठिकाणी शब्द केवळ वयावरून ठरतो. अर्ज करणाऱ्याचे मुलाशी असलेले कायदेशीर नाते त्याच कागदावर लिहावे. येथे घरात बोलायचे नाते लिहू नये. एकत्र कुटुंबात पुतण्याला 'आमचाच मुलगा' म्हणण्याची पद्धत चांगली आहे, पण अर्जात ती चालत नाही.

त्यानंतर मजकुराचा मराठी मसुदा करावा. थेट इंग्रजीत लिहायला बसू नये, आणि ग्रामवन केंद्रात (कर्नाटक सरकारच्या गावातल्या सेवा केंद्रात) किंवा झेरॉक्सच्या दुकानात टंकलेखन करणाऱ्याला तोंडी सांगूनही मजकूर लिहून घेऊ नये. तो माणूस घाईत असतो आणि 'मुलगा' ऐकताच जो शब्द हाताला सवयीचा आहे तोच टाइप करतो. मसुद्यात 'मुलगा', 'मुलं', 'पोरगा', 'लेक', 'बाळ', 'चि.', 'कु.' हे जेथे जेथे आले असतील, तेथे खाली रेघ मारावी.

तपासणी: रेघ मारलेल्या प्रत्येक शब्दाजवळ 'नाते', 'लिंग' किंवा 'वय' यांपैकी एकच शब्द लिहिता आला पाहिजे. दोन लिहावेसे वाटले, तर वाक्य दोन भागांत तोडावे.

2. कन्नडच्या आधाराने प्रश्न ओळखणे

सीमाभागातल्या वाचकाकडे एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या वाचकाकडे नसते, आणि तिचा उपयोग फारसा कोणी करत नाही. कन्नडमध्ये हा फरक रोजच्या बोलण्यातच आहे. नात्याने मुलगा असेल तर 'मग', नुसता कोणीतरी मुलगा असेल तर 'हुडुग', लहान मूल असेल तर 'मगु', अनेक मुले असतील तर 'मक्कळु', आणि लिंगाच्या रकान्यात 'गंडु'. बाजारात भाजी घेताना आपण हे शब्द न चुकता वापरतो. म्हणून मसुद्यातले वाक्य मनात कन्नडमध्ये म्हणून पाहावे. 'मग' आले तर इंग्रजीत 'सन' येईल, 'हुडुग' आले तर 'बॉय', 'मगु' आले तर 'चाइल्ड', 'मक्कळु' आले तर 'चिल्ड्रन' आणि 'गंडु' आले तर 'मेल'. 'मोम्मग' आले, तर तो 'ग्रँडसन' आहे.

उदाहरणार्थ, 'माझा मुलगा चौथीत आहे' हे वाक्य कन्नडमध्ये म्हणताना 'नन्न मग' असेच तोंडात येते, म्हणून 'माय सन'. 'गल्लीतल्या एका मुलाने काच फोडली' असे म्हणताना 'हुडुग' येते, म्हणून 'ए बॉय'.

सावधान: ही कसोटी लाडाच्या हाकेला लावू नये. वडीलधारी माणसे परक्या मुलालाही 'बाळा' म्हणतात, आणि कन्नडमध्येही तसेच होते. पत्रात अशी हाक असेल, तर इंग्रजीत फक्त मुलाचे नाव लिहावे.

3. नात्याचा शब्द पक्का करणे

नात्याची चूक दुरुस्त करायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्ष शब्द ठरवताना हा टप्पा सर्वांत आधी आणि सर्वांत सावकाश करावा. 'सन' या शब्दाला वयाची मर्यादा नाही; साठ वर्षांचा गृहस्थही आपल्या आईचा 'सन' असतो. म्हणून 'मुलगा मोठा झाला, आता सन कसे लिहायचे' ही शंका मनातून काढून टाकावी. उलट 'माय बॉय' हे घरगुती बोलणे आहे, आणि नात्याच्या रकान्यात 'बॉय' कधीही लिहू नये.

दोन मुलगे असतील तर थोरल्याला 'एल्डर सन' म्हणावे, तीन किंवा अधिक असतील तर 'एल्डेस्ट सन'. मधल्याला 'सेकंड सन' म्हटल्याने गोंधळ टळतो. पुतण्या आणि भाचा या दोघांनाही इंग्रजीत 'नेफ्यू' हा एकच शब्द आहे. कोणत्या बाजूचा ते सांगणे आवश्यक असेल, तर 'ब्रदर्स सन' किंवा 'सिस्टर्स सन' असे स्पष्ट लिहावे. मुलाचा मुलगा आणि मुलीचा मुलगा हे दोघेही 'ग्रँडसन'. येथेही बाजू सांगायची झाल्यास 'सन्स सन' आणि 'डॉटर्स सन' असे लिहिता येते. नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून) वंशावळ काढताना ही बाजू महत्त्वाची ठरते, म्हणून तेथे कंजुषी करू नये.

दत्तक मुलाबद्दल बऱ्याच घरांत संकोच असतो. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, 1956 प्रमाणे रीतसर दत्तक घेतलेला मुलगा दत्तकाच्या तारखेपासून सर्व बाबतींत दत्तक आईवडिलांचे अपत्य मानला जातो. म्हणून शाळेच्या, बँकेच्या किंवा विम्याच्या साध्या अर्जात 'सन' लिहिणे पूर्णपणे बरोबर आहे. 'अडॉप्टेड सन' हा शब्द अर्ज मुद्दाम विचारत असेल तेथे, किंवा वंशावळीसारख्या वारसाच्या कागदात, तोही दत्तकपत्राच्या उल्लेखासह वापरावा. सावत्र मुलाचे मात्र तसे नाही. त्याला वारसाच्या कागदात नुसते 'सन' लिहू नये. 'स्टेपसन' असेच लिहावे, कारण वारसाहक्काच्या दृष्टीने सख्खा आणि सावत्र यांची गणना सारखी होत नाही आणि पुढे हाच एक शब्द वादाचा मुद्दा होतो.

आता 'वॉर्ड' या शब्दाकडे थोडे जास्त लक्ष द्यावे लागेल. इंग्रजी शाळांच्या सूचनापत्रकांत 'युवर वॉर्ड' असे लिहिलेले असते, आणि तेथे त्याचा अर्थ 'ज्या विद्यार्थ्याची जबाबदारी तुमच्यावर आहे तो' एवढाच असतो. त्यात स्वतःचा मुलगाही येतो. पण म्हणून वडिलांनी स्वतः लिहिताना 'माय वॉर्ड' लिहू नये. 1890 च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्यात 'वॉर्ड' म्हणजे ज्याच्या देहासाठी किंवा मालमत्तेसाठी पालक आहे असा अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेला. प्रतिज्ञापत्रात हा शब्द आला, तर वाचणारा पालकत्वाचा आदेश मागू शकतो. आईवडिलांनी 'सन' लिहावे. आजोबा, काका किंवा मामा पालक म्हणून सही करत असतील, तरच 'वॉर्ड' हा शब्द शोभतो. शिवाय महापालिकेच्या कागदावर 'वॉर्ड नंबर' म्हणजे प्रभाग क्रमांक असतो. त्या रकान्यात मुलाचे नाव लिहिलेले अर्ज खरोखर येतात.

'एस', तिरपी रेघ, 'ओ' ही खूण 'सन ऑफ'साठी आहे. तिच्या आधी मुलाचे नाव येते आणि तिच्यानंतर वडिलांचे किंवा आईचे. अर्जात ती आधीच छापलेली असेल, तर तिच्यापुढे पुन्हा मुलाचे नाव लिहू नये. हीच खूण 'बी' अक्षराने सुरू झालेली दिसली, तर तिचा अर्थ 'बेबी ऑफ' असा असतो. बाळंतपणानंतर रुग्णालयात बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर आणि केसपेपरवर आईच्या नावापूर्वी ही खूण लिहितात, आणि बाळाचे नाव ठरेपर्यंत तीच त्याची ओळख असते. ती बाळाच्या नावाचा भाग नाही. तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर मातेला मिळणाऱ्या आरोग्य कार्डावर) किंवा लसीकरणाच्या नोंदीवर ती दिसली म्हणून जन्मनोंदणीच्या अर्जात नावाच्या जागी 'बेबी ऑफ' किंवा 'बेबी बॉय' लिहून टाकू नये. नाव ठरले नसेल तर तो रकाना मोकळा ठेवून नोंदणी करता येते. जन्मनोंदणीच्या नियमांप्रमाणे नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. एकदा 'बेबी बॉय' हेच नाव म्हणून नोंदले गेले, तर मात्र ते बदलण्यासाठी दुरुस्तीची वेगळी प्रक्रिया करावी लागते.

तपासणी: लिहिलेला नात्याचा शब्द उलटा करून पाहावा. 'हा माझा सन' असेल तर 'मी त्याचा फादर' किंवा 'मी त्याची मदर' हे खरे ठरले पाहिजे. ठरत नसेल, तर शब्द चुकला आहे.

4. लिंगाचा रकाना

हा टप्पा छोटा आहे. 'सेक्स' किंवा 'जेंडर' या रकान्यात 'मेल' लिहावे. 'बॉय', 'सन', 'जेंट्स' किंवा 'मॅस्क्युलिन' लिहू नये. यांतला शेवटचा शब्द व्याकरणातल्या पुल्लिंगासाठी आहे. नाम म्हणून 'ए मेल' असे मुलाबद्दल पत्रात लिहिले, तर ते पोलीस पंचनाम्यासारखे वाटते. 'मेल चाइल्ड' हा जोडशब्द डॉक्टरांच्या अहवालात आणि नोंदवहीत ठीक आहे. नातेवाइकांना किंवा कार्यालयाला जन्माची बातमी कळवताना मात्र 'बेबी बॉय' किंवा 'ए सन' लिहावे.

5. वयाचा शब्द

येथे सर्वांत मोठी गैरसमजूत अशी आहे की 'चाइल्ड' या शब्दाला एकच ठरलेले वय आहे. तसे नाही. तो शब्द कोणत्या कायद्याच्या किंवा नियमाच्या कागदावर आहे त्यावर वय ठरते. 2012 च्या पोक्सो कायद्यात आणि 2015 च्या बालन्याय कायद्यात 18 वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती 'चाइल्ड' आहे. बालकामगार प्रतिबंधाच्या कायद्यात 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालचा तो 'चाइल्ड' आणि 14 ते 18 या वयातला 'अडोलसन्ट' असे दोन गट आहेत. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात तर 21 वर्षे पूर्ण न झालेला मुलगाही 'चाइल्ड'च आहे, मुलीसाठी ती मर्यादा 18 आहे. विमानाच्या तिकिटावर 2 वर्षांखालचा तो 'इन्फंट'. रेल्वेत 5 पूर्ण आणि 12 च्या आतला तो 'चाइल्ड'. म्हणून 'माझा मुलगा चाइल्ड आहे की नाही' असे विचारू नये. 'या अर्जाच्या नियमात चाइल्ड कोणाला म्हटले आहे' असे विचारावे. उत्तर अर्जाच्या सूचनांमध्ये बहुधा मिळते. न मिळाल्यास वय आकड्यात लिहावे. 'सन, एज्ड नाइन इयर्स' हे कोणत्याही कार्यालयात चुकत नाही.

'मायनर' हा शब्द केवळ कायदेशीर क्षमतेसाठी आहे: 18 वर्षे पूर्ण झालेली नाहीत, म्हणून तो स्वतः करार करू शकत नाही. बँकेचे खाते, विम्यातले नामनिर्देशन आणि जमिनीच्या वारसा नोंदीत तो हवाच असतो. वडील गेल्यानंतर उताऱ्यावर वारस लावताना लहान मुलाचे नाव लिहून त्यापुढे 'मायनर सन, रिप्रेझेंटेड बाय हिज मदर अँड नॅचरल गार्डियन' असे लिहावे आणि मग आईचे नाव लिहावे. या वाक्यात 'मायनर' वय सांगतो आणि 'सन' नाते सांगतो. दोघांपैकी एक गाळला तर वाक्य अपुरे राहते. मुलाच्या 18 व्या वाढदिवसापासून 'मायनर' हा शब्द प्रत्येक नव्या कागदातून काढावा. जुन्या अर्जाची प्रत समोर ठेवून नवा अर्ज लिहिताना तो चुकून पुन्हा उतरवला जातो.

'जुवेनाइल' हा शब्द मुलाच्या कोणत्याही साध्या अर्जात वापरू नये. शब्दाचा अर्थ 'अल्पवयीन' असला तरी पोलीस आणि न्यायालय यांच्या संदर्भामुळे त्याला गुन्ह्याची छटा आली आहे. 2015 च्या कायद्याने तर 'जुवेनाइल'ऐवजी 'चाइल्ड इन कॉन्फ्लिक्ट विथ लॉ' अशी शब्दरचना स्वीकारली आहे. शाळेच्या अर्जात तो लिहिणे मुलावर अन्याय करण्यासारखे आहे.

बाकीचे शब्द थोडक्यात: पहिल्या 28 दिवसांचे बाळ डॉक्टरांच्या भाषेत 'निओनेट', साध्या भाषेत 'न्यूबॉर्न', साधारण एक वर्षापर्यंत 'इन्फंट', चालायला लागल्यापासून तीन वर्षांपर्यंत 'टॉडलर', 13 ते 19 'टीनएजर'. हे शब्द डॉक्टरांना लिहिताना किंवा लेखात वापरावेत. कार्यालयीन अर्जात त्यांची गरज पडत नाही.

6. नावापूर्वीची उपाधी

मराठीत 'कु.' हे कुमार आणि कुमारी या दोन्हींसाठी लिहितात. तेच अक्षर इंग्रजीत 'के-यू-एम' असे उतरवले की कर्नाटकातल्या याद्यांमध्ये ते 'कुमारी' असे वाचले जाते, आणि मुलाचे नाव मुलींच्या यादीत जाते. ओंकार किंवा संतोष अशा नावांत निदान शंका तरी येते, पण किरण, शीतल, सुमन यांसारखी नावे मुलाची आणि मुलीचीही असतात, आणि तेथे चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून लहान मुलाच्या नावापूर्वी इंग्रजीत 'मास्टर' लिहावे, सज्ञान झाल्यावर 'मिस्टर'. लग्नपत्रिकेतल्या 'चि.'चे इंग्रजीत भाषांतर करू नये. अक्षरे जशीच्या तशी ठेवावीत किंवा गाळावीत.

सावधान: 'मास्टर' हा शब्द फक्त उपाधीच्या रकान्यात लिहावा. आधार किंवा पासपोर्टच्या नावाच्या रकान्यात तो लिहिला, तर तो नावाचाच भाग होतो.

7. अनेकवचन आणि बोलीतले शब्द

'मला तीन मुलं आहेत' यातल्या 'मुलं'मध्ये मुलीही असू शकतात, म्हणून 'थ्री चिल्ड्रन'. 'मुलगे' म्हटले तरच 'थ्री सन्स'. 'चिल्ड्रन' हे स्वतःच अनेकवचन आहे, त्याला पुन्हा 'एस' लावू नये. 'एक मुलगा आणि दोन मुली' याचे 'वन सन अँड टू डॉटर्स' असे करावे. पालक म्हणून लिहिताना 'वन बॉय अँड टू गर्ल्स' हे टाळावे.

'किड' आणि 'लॅड' हे बोलण्यातले शब्द आहेत; अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि शिक्षकांना लिहिलेले पत्र यांत ते वापरू नयेत. 'आमची पोरं सामना जिंकली' याला मात्र 'अवर बॉईज' हेच योग्य आहे, खेळाडू तिशीतले असले तरी. पण कामावरच्या प्रौढ माणसाला 'बॉय' म्हणणे कमीपणाचे आहे. 'ऑफिस बॉय'ऐवजी 'ऑफिस असिस्टंट', 'डिलिव्हरी बॉय'ऐवजी 'डिलिव्हरी पार्टनर' किंवा 'डिलिव्हरी एजंट' लिहावे. 'मुलाकडची मंडळी' म्हणजे 'द ग्रूम्स फॅमिली'. 'बॉय साइड' नव्हे.

8. स्पेलिंगची शेवटची नजर

संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस येथे मदत करत नाही, कारण चुकीचा शब्दही इंग्रजीत खरा शब्दच असतो. मुलगा 'एस-ओ-एन' आहे. 'एस-यू-एन' म्हणजे सूर्य. अज्ञान मुलगा 'एम-आय-एन-ओ-आर' आहे. शेवटी 'ई-आर' आले की तो खाणकामगार होतो. लिंगाच्या रकान्यात 'एम-ए-एल-ई' हवे, 'एम-ए-आय-एल' नको. 'डब्ल्यू-ए-आर-डी'मध्ये 'ए'च्या जागी 'ओ' पडला, तर तो 'शब्द' होतो.

छापलेली प्रत हातात आल्यावर पहिल्या टप्प्यातला कागद आणि मराठी मसुदा पुन्हा काढावा आणि रेघ मारलेल्या प्रत्येक शब्दाच्या जागी इंग्रजीत काय आले ते बोट ठेवून ताडून पाहावे. मुलाच्या नावाचे स्पेलिंग आधार, दाखला आणि या अर्जात सारखे आहे का, तेही त्याच वेळी पाहावे. प्रतिज्ञापत्र असेल, तर हे सर्व नोटरीचा शिक्का बसण्यापूर्वी करावे. शिक्क्यानंतर खाडाखोड केलेला कागद बहुतेक ठिकाणी स्वीकारत नाहीत, आणि स्टॅम्प पेपरचा खर्च पुन्हा करावा लागतो.